लॅपटॉप, फोन आणि माळ्याची खिडकी

(मंडळाच्या सप्टेंबरच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीने भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "लॅपटॉपला मोबाईलवरून इंटरनेट जोडणे." पलीकडे जरा शांतता. मग सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "अहो, पण ते एक बटण दाबलं की होतं ना?"

होतं की. इथे न्यू जर्सीत, मॉलच्या पार्किंगमध्ये बसून, नक्की होतं. पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांची डिसेंबरची तिकिटं काढून झाली आहेत. कुणी सांगलीला जाणार, कुणी नाशिकला, कुणी आमच्यासारखे कोकणात. आणि तिथे गेल्यावर आईवडिलांजवळ दोन आठवडे राहायचं की सहा, हे आजकाल पुष्कळदा रजेवर ठरत नाही, त्या बटणावर ठरतं. लॅपटॉप चालला तर राहता येतं. नाही चालला तर बॅग भरावी लागते. म्हणून हा विषय.

आधी थोडा इतिहास, कारण इंजिनिअर माणसाला त्याशिवाय सुरुवात करता येत नाही.

२००७ साली मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या खोलीत चौघांत मिळून एक लॅपटॉप आणि एक सेकंडहँड नोकिया ६६००. फोन ब्लूटूथने लॅपटॉपला जोडायचा आणि मग लॅपटॉपमध्ये डायल-अपचा नंबर टाकायचा: *९९#. हा कुणाचा नंबर नव्हता. तो फोनलाच दिलेला हुकूम होता, की बाबा रे, आता तू मोडेम हो. ज्यांच्याकडे रिलायन्सचे सीडीएमए फोन होते ते #७७७ फिरवायचे. त्याशिवाय 'एपीएन' नावाचं एक प्रकरण असायचं, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधून बाहेर पडायचा दरवाजा. फोनवरच्या छोट्या ब्राउझरसाठी एक दरवाजा आणि लॅपटॉपसाठी दुसरा. चुकीच्या दरवाजातून गेलात तर एक तर नेट चालायचं नाही, नाहीतर बॅलन्स बघता बघता संपायचा.

वेग किती? जीपीआरएसवर नशीब चांगलं असेल तर सेकंदाला ४० किलोबिट. म्हणजे ३ एमबीचं एक गाणं उतरवायला दहा मिनिटं, आणि मध्ये कुणाचा फोन आला तर डाउनलोड लटकायचं. आज २० मेगाबिटच्या साध्या ४जी जोडणीवर तेच गाणं सव्वा सेकंदात येतं.

इकडे अमेरिकेत गंमत वेगळीच होती. फोनमध्ये सोय असायची, पण कंपनी ती वापरू द्यायची नाही. २००९ च्या जूनमध्ये ॲपलने आयफोनला ही सुविधा दिली. एटी अँड टीच्या ग्राहकांना मात्र ती वर्षभराने, २०१० च्या जूनमध्ये मिळाली, आणि तीही वेगळे पैसे भरून. त्याच सुमाराला अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत वायफाय हॉटस्पॉट आला. मग लोकांनी पैसे वाचवायला वेगळी ॲप्स शोधली, कंपन्यांनी ती बंद करायला बघितली, आणि शेवटी प्रकरण एफसीसीकडे गेलं. २०१२ च्या जुलैमध्ये व्हेरायझनने १२ लाख ५० हजार डॉलर भरून ते मिटवलं. एका बटणासाठी एवढं रामायण झालेलं आहे, म्हणून त्याला किरकोळ समजू नका.

आता हे बटण नेमकं करतं काय? आपल्या सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या जगाला एकच पत्ता माहीत आहे: सोसायटीचा. सगळी पत्रं गेटवर येतात. कुठलं पत्र कुठल्या फ्लॅटचं, ही वही वॉचमनकडे असते. हॉटस्पॉट चालू केला की तुमचा फोन हा वॉचमन होतो. लॅपटॉप, टॅबलेट, मुलांचा आयपॅड हे झाले फ्लॅट. प्रत्येकाला फोन आतला एक पत्ता देतो, आणि बाहेरच्या टॉवरशी मात्र एकटा बोलतो.

मग कंपनीला कसं कळतं की फोन नाही, लॅपटॉप नेट वापरतोय? कळायच्या बऱ्याच युक्त्या आहेत, त्यातली एक मला फार आवडते. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर तो एकाने कमी होतो, म्हणजे वाट चुकलेलं पॅकेट जन्मभर फिरत राहत नाही. फोनवरून निघालेलं पॅकेट साधारण ६४ या आकड्याने सुरू होतं. मॅकवरचं पॅकेटही ६४ नेच निघतं, पण फोनच्या नाक्यावर एक कमी होऊन टॉवरला ६३ पोचतं. विंडोज तर १२८ पासून मोजतं. झालं, चोर पकडला! म्हणून तुमच्या 'अनलिमिटेड' प्लॅनच्या खाली बारीक अक्षरांत हॉटस्पॉटची मर्यादा निराळी लिहिलेली असते. ती ओलांडली की फोन धावतो आणि लॅपटॉप रांगतो. आज घरी जाऊन आपल्या प्लॅनची ती ओळ जरूर वाचा.

जोडायचे मार्ग तीन: वायफाय, यूएसबी केबल आणि ब्लूटूथ. ब्लूटूथ बॅटरी कमी खातं पण हळू आहे, ई-मेलपुरतं ठीक. वायफाय सगळ्यांना माहीत आहे. माझं मत विचाराल तर महत्त्वाच्या मीटिंगला केबल. फोन चार्ज होत राहतो, शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी मध्ये येत नाही आणि कनेक्शन हलत नाही. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. काही स्वस्त केबलींमधून फक्त वीज जाते, डेटा जात नाही. अशी केबल लावली तर अँड्रॉइडवर यूएसबीचा पर्याय उमटतच नाही आणि माणूस फोनला शिव्या देत बसतो. आणि आयफोन विंडोजच्या लॅपटॉपला केबलने जोडायचा असेल तर ॲपलचं सॉफ्टवेअर लागतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते टाकायची परवानगी आपल्याला नसते, तेव्हा हे इथूनच आयटीवाल्यांकडून करून घ्या. रात्री दहा वाजता देवरुखहून त्यांना फोन लावायची वेळ येऊ देऊ नका.

देवरुखचं नाव निघालंच आहे, तर मूळ मुद्द्याकडे येतो.

२०२४ च्या जूनमध्ये कोल्हापूरला माझ्या बाबांची बायपास झाली. माझी रजा होती दोन आठवड्यांची. ती हॉस्पिटलातच संपली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर घरात कुणीतरी धडधाकट माणूस हवं. आई सत्तरीची. घर देवरुखपासून सात-आठ किलोमीटर आत, आणि मृगाचा पाऊस. कंपनीकडे लेखी परवानगी मागितली, पाच आठवड्यांची मिळाली. अट एकच: इथल्या वेळेनुसार काम करायचं. उन्हाळ्यात आपले सकाळचे नऊ म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे साडेसहा ते रात्री अडीच.

घरात फायबरचं कनेक्शन होतं. तिसऱ्याच दिवशी वाटेवरचा फणस तारेवर पडला. लाइनमन म्हणाला, "साहेब, पाऊस जरा कमी झाला की बघू." कोकणात जूनमध्ये हे वाक्य ऐकलेल्यांना त्याचा अर्थ सांगायला नको.

राहिला फोन. आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, भिंती हात-दीड हात जाड, त्यात पावसाने भिजलेल्या. माजघरात फोनवर एक दांडी दिसायची, तीही मधूनच. इथे एक सांगतो, त्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे ज्याचं तो ठरवतो. खरा आकडा असतो डीबीएममध्ये, आणि तो उणे असतो. उणे ८० म्हणजे झकास, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११५ च्या पलीकडे रामराम. अँड्रॉइडवर हा आकडा फोनच्या माहितीत सिमच्या पानावर सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* फिरवलं की एक गुप्त पान उघडतं, त्यात असतो. तो हातात धरून मी घरभर फिरलो. आई मागून विचारतेय, "अरे, काय हरवलं?" माजघर उणे ११८. ओटी उणे ११२. पडवीचा कोपरा उणे १०५. माळ्यावरच्या पूर्वेच्या खिडकीत उणे ९६!

मग सोपं होतं. फोनने टॉवर जिथे दिसतो तिथे बसायचं, मी बाबांच्या खाटेजवळ बसायचं, आणि मधलं अंतर वायफायने काढायचं. हॉटस्पॉटचा खरा फायदा हाच आहे, की फोन आणि लॅपटॉप एका जागी असायची गरज नाही. चिऱ्याच्या भिंतीतून टॉवरचा सिग्नल येत नव्हता, पण माळ्याच्या लाकडी तक्तपोशीतून वायफाय आरामात खाली उतरत होता. एवढं मात्र केलं, की फोनमधला वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो पण आडकाठीपुढे लवकर दमतो. आयफोनवर याच पर्यायाला 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' असं अगम्य नाव दिलंय.

(उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी: खिडकीत ठेवा, पण उन्हात नको. ॲपल स्वतः सांगते की आयफोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावा. मे महिन्यात विदर्भातल्या खिडकीत हॉटस्पॉट आणि चार्जिंग एकदम चालू ठेवलंत तर फोन तापमानाची पाटी लावून संप करतो.)

आता डेटाचा हिशोब, कारण खरी गोम तिथेच आहे. २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि भारतात डेटा इतका स्वस्त झाला की आपल्याला वाटतं, मोजायचं कशाला? पण तिथल्या बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाचा कोटा असतो, दीड जीबी, दोन जीबी असा. तो संपला की वेग ६४ किलोबिटवर येतो. म्हणजे थेट माझ्या हॉस्टेलच्या जमान्यात! ५जीचे अमर्याद प्लॅनही आहेत, पण ते ५जी पोचतं तिथे. आमच्या माळ्यावर ते पोचलेलं नव्हतं.

झूमचाच अंदाज घ्या. दोघांच्या साध्या व्हिडिओ कॉलला जायला ६०० आणि यायला ६०० किलोबिट. तासाला झाले ५४० एमबी. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ घेतलात तर दुप्पट, म्हणजे एक जीबीच्या वर. नुसता आवाज ठेवलात तर तासाला ७० एमबीच्या आसपास. म्हणजे कॅमेरा बंद केला की सातपट बचत. मी पहिल्याच दिवशी टीमला सांगून टाकलं, माझं तोंड तुम्हाला पाच आठवडे दिसणार नाही. कुणी फारसं दुःख केलं नाही.

पण मीटिंगपेक्षाही जास्त डेटा खाणारे चोर लॅपटॉपमध्येच लपलेले असतात. लॅपटॉपला वाटतं, आपण घरच्या वायफायवर आहोत. मग तो विंडोजचं अपडेट ओढतो, मागे राहिलेले फोटो वर चढवतो, अख्खं वनड्राइव्ह सिंक करतो. त्याला समजावून सांगावं लागतं. विंडोजमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, मॅकवर 'लो डेटा मोड'. एवढ्याने बहुतेक चोर गप्प बसतात. आणि अमेरिकन ऑफिसची पाळी करणाऱ्यांना तिथे एक फायदा आपोआप मिळतो: कोटा रात्री बारा वाजता नवा होतो. साडेसहापासून बारापर्यंत आजचे दोन जीबी, बारानंतर उद्याचे दोन. आपली पाळी बरोबर दोन दिवसांवर पसरलेली. दिवसा मात्र आईला त्या सिमवर सिरियल बघू द्यायची नाही, एवढं पथ्य. ते पाळणं किती अवघड होतं ते मी सांगत नाही.

सिम कुठलं घ्यायचं? इथलं सिम रोमिंगवर ठेवलं तर दिवसाला दहा-बारा डॉलर जायचा संभव, आणि डेटाचा प्रवास सहसा असा होतो: देवरुखहून निघालेलं पॅकेट आधी अमेरिकेतल्या तुमच्या कंपनीच्या दारात येतं आणि मग जगात जातं. देवरुखच्या घरातून पुण्यातली वेबसाइट बघायची, तर पृथ्वीप्रदक्षिणा. प्रवाशांसाठी ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच ई-सिमचंही असंच, ते तिसऱ्याच देशातून फिरून येतात, शिवाय भारतातला नंबर मिळत नाही. जास्त दिवस राहणार असाल तर तिथलं सिम घ्या, आणि शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची घ्या. वीज बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही मान टाकते. अशा रात्री एका कंपनीचा टॉवर मेला तरी दुसरीचा जिवंत असू शकतो. मला हे तीनदा उपयोगी पडलं.

पण इथे एक मोठा खड्डा आहे. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलांमध्ये सिमची खाचच नाही. मामाने एअरपोर्टवर हौसेने आणून दिलेलं सिमकार्ड त्यात जाणार कुठे? ई-सिमच लागतं. एअरटेल, जिओ आणि व्हीआय ते देतात, पण कागदपत्रं आणि पडताळणी आलीच, तेव्हा ते काम पहिल्याच दिवशी उरका. आणि फोन इथल्या कंपनीकडून हप्त्याने घेतलेला असेल तर तो बहुधा लॉक असतो. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम, साधं काय आणि ई काय, चालत नाही. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे 'कॅरियर लॉक' बघा. 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं तर गंगेत घोडं न्हालं. घरात जुना अनलॉक अँड्रॉइड पडलेला असेल तर तोच हॉटस्पॉटसाठी घेऊन जाणं सगळ्यात उत्तम. मी तेच केलं होतं. तो माळ्यावर, आणि माझा रोजचा फोन माझ्या खिशात.

इथली लाइन अजिबात बंद करू नका, कारण बँकेचे ओटीपी तिच्यावरच येणार. लाइन चालू, तिचं डेटा रोमिंग बंद, आणि 'डेटा स्विचिंग' नावाचं जे बटण आहे तेही बंद. नाहीतर भारतीय सिम जरा मंदावलं की फोन गुपचूप अमेरिकन सिमवर उडी मारतो आणि त्याची वार्ता तुम्हाला बिलातून कळते.

सुरक्षिततेबद्दल थोडंसंच. एअरपोर्टच्या किंवा हॉटेलच्या वायफायपेक्षा स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट केव्हाही बरा, बँकेच्या कामाला तर नक्कीच. पासवर्ड १२३४५६७८ ठेवू नका. हॉटस्पॉटला पुष्कळदा आपलं नाव असतं, तेही बदला. रेल्वेच्या अख्ख्या डब्याला तुमचं नाव कळायची गरज नाही.

आणि जे भारतात राहून इथलं काम करू बघतात त्यांना हात जोडून विनंती: आधी मॅनेजर आणि एचआरची लेखी परवानगी घ्या. काही कंपन्यांचा डेटा देशाबाहेर उघडायलाच बंदी असते, काही ठिकाणी बाहेरून लॉगिन केलं की खातं बंद पडतं. व्हिसावर असाल तर वकिलालाही विचारा. रोमिंगवर पत्ता अमेरिकेचा दिसतो म्हणून कुणाला कळणार नाही, असा सल्ला कुणी दिला तर त्याचं ऐकू नका. नोकरीही त्याची नाही आणि व्हिसाही त्याचा नाही.

आमच्याकडे बाबांना बायपासनंतर रात्री झोप लागत नसे. दहा-साडेदहाला मी मीटिंगमध्ये असलो की ते खाटेवर उशीला टेकून ऐकत बसायचे. एका कानात माझा हेडफोन, दुसऱ्या कानाने माझं लक्ष त्यांच्या श्वासाकडे. एकदा मीटिंग संपल्यावर म्हणाले, "तुमची ती माणसं 'सॉरी' फार म्हणतात रे." मी म्हटलं, "बाबा, ते तसंच असतं." मग वर तक्तपोशीकडे बघून म्हणाले, "आणि ते सगळं त्या फोनातून उतरतंय?" म्हटलं, हो. त्यावर आईला हाक मारून त्यांनी सांगितलं, "अगं, माळ्यावर मांजर जाऊ देऊ नकोस."

पाच आठवड्यांत नेट चार वेळा पूर्ण गेलं. दोनदा मी मॅनेजरला फोनवरून साधा मेसेज टाकून झोपलो. दोनदा गाडी काढून देवरुखला गेलो आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसून काम उरकलं. निघालो तेव्हा बाबा अंगणातून गेटपर्यंत एकटे चालत आले होते.

तर मंडळी, जेवणाला अजून पाऊण तास आहे. मागच्या टेबलावर मी दोन लॅपटॉप ठेवलेत, एक विंडोज आणि एक मॅक. ए-पासून सी-पर्यंत सगळ्या जातीच्या केबलीही आहेत. ज्यांचं तिकीट डिसेंबरचं आहे त्यांनी आधी या. मागच्या रांगेतले काका विचारतायत, त्यांचा फोन पाच वर्षांचा आहे, चालेल का. काका, तुमच्यात सिमची खाच आहे, तुम्ही इथल्या सगळ्यांपेक्षा पुढे आहात. फक्त लॉक आहे का तेवढं बघू. आणा इकडे.